आधी उंदरांचे डोळे

श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी, हळदुल्या उन्हात, पेणच्या त्या कारखान्यातून दोनशे चौदा गणपती दोनशे चौदा जोडी प्रसन्न, कमलदलायत नेत्रांनी ट्रकात चढले. एकही मूर्ती मागे राहिली नाही.

असं काही झालेलं नाही. कोण म्हणालं? पुढे चला.

बुधवार होता. भोगावतीच्या पाण्यावर ऊन रेशमासारखं चुरगळत होतं. हिरव्या डोंगरांच्या खांद्यांवर ढगांची ओली उपरणी. खाडीकडून आलेला खारट, सुस्त वारा. आणि पत्र्याच्या शेडखाली फळ्यांवर फळ्या, फळ्यांवर ओळी, ओळींत देव. शेंदरी देव, केशरी देव, पीतांबरधारी, सुवर्णमुकुटी, मोदकहस्त देव. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी एक कोरी, गुळगुळीत, गव्हाळ शांतता.

त्या शांततेसमोर पाटावर पदू बसला होता. पद्माकर समेळ, वय एकोणतीस. हातात शून्य नंबरचा ब्रश, मनात शून्य नंबरची इच्छा.

मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी आखतात, आणि ते काम कुणाच्याही हाती देत नाहीत. चाळीस वर्षं ते अण्णांचं होतं, कारखाना त्यांचाच. यंदा चैत्रात अण्णांच्या बोटांना कंप सुटला, वाऱ्यावरच्या पिंपळपानासारखा, आणि त्यांनी तो ब्रश मुकाट्याने पदूपुढे ठेवला. त्या दिवसापासून पदूला ब्रशाचा संशय येत होता. एवढा हलका का? एवढा हलका आहे, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय.

एक रेघ. भुवईखालची, तांदळाएवढी, काळी रेघ. ती केसभर ढळली, की कुणाच्या तरी घरी दहा दिवस तिरळा देव आरती ऐकणार. दोनशे चौदा घरं. दोनशे चौदा आरत्या. आणि प्रत्येक घरात बोट दाखवणारं एक तरी नातवंड.

म्हणून सोमवारी पदूने रंग ढवळला. रंग ढवळलेलाच होता. त्याने पुन्हा ढवळला. वाट्या धुतल्या, पुसल्या, उंचीप्रमाणे लावल्या. मग त्याला देवांच्या पायांशी उंदीर दिसले.

हात बसायला नको का? उंदरापासून सुरुवात केलेली बरी. उंदीर तिरळा झाला तरी आरती थांबत नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. दोनशे चौदा उंदीर. चारशे अठ्ठावीस डोळे. टपोरे, तेजस्वी, पाणीदार, निमिषहीन. त्रैलोक्यात याहून देखणे उंदीर नव्हते. आणि बुधवारी सकाळी ते सगळे पदूकडे बघत होते.

तो दारातून आत आला, बघत होते. चहाला उठला, बघत होते. चहा घेऊन आला, बघत होते. डावीकडच्या फळीवरचा एक तर शेजारच्याला काहीतरी सांगता सांगता नुकताच गप्प झाला असावा.

पदूने वर्तमानपत्र घेतलं, कपटे केले, आणि उंदरांचे चेहरे झाकायला सुरुवात केली. ओळीने, हळुवार, निष्ठेने. एकशे सातवा झाकला तेव्हा दारात यमुनाकाकी उभी होती. अण्णांची बायको. कारखान्यात आवाज तिचा चाले.

"पदू, हे काय?"

"ओला रंग आहे, काकी. धूळ बसेल."

"उंदरांवर?"

"हो."

"आणि देवाच्या डोळ्यांवर नाही का बसायची?"

"ते कुठे आखलेत अजून?"

"तेच विचारतेय, मेल्या!"

फळीवरून एक कपटा गळून पडला. पदूने तिकडे बघायचं टाळलं.

"हात बसवत होतो, काकी."

"हात बसला असेल, तूही बसलायस. आता नीट ऐक. हमरापूरच्या आखणीवाल्याला फोन केलाय, तो उद्या सकाळी यायला तयार आहे. शनिवारी ट्रक लागतोय, माझे गणपती काय गॉगल लावून पाठवू? आज उजेड आहे तोवर एक जोडी आखून दाखव. एकच. नाहीतर ब्रश त्याच्याकडे, आणि तू जन्मभर आसनांना पट्टे मार. आणि बल्ब लावशील तर याद राख. ह्यांनी कधी बल्बखाली बुबुळ टेकवलं नाही."

ती गेली. पदूला हमरापूरच्या माणसाचा संशय आला. मग फोनचा आला. मग घड्याळाचा आला, कारण मघाशी दोन वाजले होते आणि आता, त्याने काहीही केलेलं नसताना, चार वाजले होते.

तेवढ्यात अण्णा आले. बाकावर टेकले. थरथरणारे दोन्ही हात त्यांनी उपरण्याखाली ठेवले, जणू दोन भ्यालेली पाखरं.

"उंदीर बरे झालेत," अण्णा म्हणाले.

पदूने वाट्या पुन्हा उंचीप्रमाणे लावल्या.

"मीपण पहिल्या वर्षी आधी उंदीरच आखले होते. तीन दिवस. देवाकडे बघायची छाती होईना."

हे खोटं असावं, असा पदूला दाट संशय आला. अण्णा खोटं बोलले की खोकतात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पदू वाट बघत राहिला. वारा थांबला. पत्रा तडतडला.

अण्णा खोकले.

आणि खोटं बोलायची सवय नसलेला तो म्हातारा, आपल्यासाठी, दिवसाढवळ्या, दोनशे चौदा देवांसमोर खोटं बोलला, हे पदूला कळलं. त्याने ब्रश उचलला. श्वास धरला. सर्वांत धाकट्या, वीतभर उंचीच्या देवासमोर वाकला.

एक रेघ. काळी, सायीसारखी, सावकाश. मग तिच्या पोटात बुबुळ, बुबुळात पांढरा, मोहरीएवढा थेंब. मग दुसरी रेघ.

शांतता उघडली.

देवाने पाहिलं. पदूकडे नाही. त्याला धरायला, जाब विचारायला कुणी आलंच नव्हतं. ती नजर त्याच्या खांद्यावरून पुढे गेली आणि बाकावर, उपरण्याखालच्या हातांवर अलगद जाऊन टेकली.

काकी आली. बराच वेळ वाकून बघत राहिली. मग अंगणात गेली, आणि फोनवर तिचा आवाज आला, "नको येऊस रे बाबा. आमचं आम्ही बघतो."

पदूने पुढची मूर्ती ओढली. सायंकाळचं ऊन पश्चिमेच्या दारातून तिरपं आत आलं होतं. मधाळ, मंद, मावळतं. फळीफळीने मागे सरकणारं.

सबब, संबंधित सूर्यास विनंती करण्यात येते की, सदर ऊन, उर्वरित दोनशे तेरा जोड्या पूर्ण होईपर्यंत, आहे त्या फळीवर, आहे त्या रंगात, आहे त्या कलाने कायम ठेवण्यात यावे. आणि तसा लेखी आदेश, अंधार पडण्यापूर्वी, अर्जदाराच्या ओल्या ब्रशाच्या टोकावर देण्यात यावा, ही नम्र विनंती.