महांतेशच्या वाट्याला आलेलं तुटकं जनुक

मी बोलतोय ते सोनपेठच्या महांतेशच्या अंगातून. मी एक जनुक. बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर माझं घर आहे. डोळ्यांना मी दिसत नाही, पण पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार होतात, त्यात माझा हात असतो. काम एवढंच, पण त्याचा मला भारी तोरा होता.

महांतेशचे वडील सांबप्पा. त्यांच्याकडे मी धडधाकट होतो. धाकट्या राजेश्वरकडेही तसाच गेलो. थोरल्या महांतेशकडे येताना मात्र माझा एक तुकडा गळाला. कुणाची चूक नाही, असं कधीकधी होतं. पण त्यामुळे महांतेशला मूल होणार नव्हतं आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

लग्नाला बारा वर्षं झाली. बायकोच्या, ईश्वरीच्या, तपासण्या झाल्या, काढे झाले, सोळा सोमवार झाले. महांतेश किराणा दुकान बंद ठेवून तिच्यासोबत परभणीला जायचा आणि बायकांच्या दवाखान्याबाहेर तिची पिशवी धरून उभा राहायचा. मोठा प्रेमळ गडी. पण आपणही आत जावं हे त्याला कधी सुचलं नाही आणि त्याला कुणी बोलावलंही नाही. मी आतून ओरडून थकलो.

शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यालाच तपासलं. रिपोर्ट आला तो त्याने खिशात घातला आणि चार दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. मला माझीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी राजेश्वरच्या तान्ह्या मुलाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला जंगम, म्हणजे आमचे गुरू, आले. आमच्या लिंगायत घरांत याचं फार कौतुक. ईश्वरी बाळाला घ्यायला पुढे झाली, तशी सासू चन्नबसम्मा हळूच म्हणाल्या, "ईश्वरे, तू जरा मागं ऱ्हा. लेकराचा चांगला दिस हाय."

ईश्वरी मागे सरकली. तिला सवय होती.

महांतेशने खिशातला कागद काढला. "आई, तिला मागं सारू नको. दोष माझ्यात हाय. डॉक्टरनं लिहून दिलंय."

जंगम थांबले. चन्नबसम्मांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी बाळाला उचललं आणि ईश्वरीच्या मांडीवर ठेवलं. "धर माय," एवढंच म्हणाल्या. लिंग बांधलं गेलं ते तिच्याच मांडीवर.

त्या बाळात मी आहे, अख्खा. महांतेशमधला मी मात्र त्याच्यासोबतच संपणार. त्याचं मला दुःख नाही. फक्त बाबांनो, माझ्यातल्या उणिवेपायी कुठल्या बाईला मागे उभं करू नका.

सगळे जेवायला उठल्यावर महांतेश तिच्याशेजारी येऊन बसला.

"चार दिस झाले रिपोर्ट येऊन. सांगायचं भ्याव वाटायलं होतं."

ईश्वरी बाळाचं टोपरं नीट करत राहिली. "मला बारा वर्सं वाटायलं होतं," ती म्हणाली.

मग तिने बाळ त्याच्या मांडीवर दिलं.