बिनकाट्याची शतावरी

तीन वर्षांपूर्वी मी गच्चीवरच्या वाफ्यात ॲस्परॅगसचं, म्हणजे त्या महागड्या विलायती भाजीचं, बी पेरलं आणि नवऱ्याला सांगितलं, शतावरी आहे. खरं सांगितलं असतं तर 'धनकवडीत फाइव्ह स्टार हॉटेल कधी काढताय?' हे मला रोज चहाबरोबर ऐकावं लागलं असतं. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला टोमणे मारायला भरपूर वेळ असतो. दोन्हींची पानं शेपूसारखी बारीक, त्यामुळे खपून गेलं. "काटे कुठायत?" त्यांनी एकदा विचारलं होतं. "बिनकाट्याची जात आहे," मी ठोकून दिलं.

ॲस्परॅगसला सबुरी लागते. पहिली दोन वर्षं एकही कोंब तोडायचा नाही, नुसती मुळं पोसायची. यंदा पहिल्यांदा तोडायचे, तर नेमकी मुळांना हुमणीची अळी लागली. मांजरी गावातल्या एका दुकानातून मी विषारी दाणे आणले आणि शुक्रवारी मातीत मिसळले. यंदाच्या कोंबांची आशा सोडली, पण झाडं तरी वाचतील. दुकानदाराने बजावलं होतं, यातलं काही तोंडात घालू नका. घरात मी अवाक्षर काढलं नाही. औषधी झाडाला विष कशाला, असं ह्यांनी विचारलं असतं आणि मला आणखी एक थाप मारावी लागली असती.

मंगळवारी सकाळी मंडईतून आले आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर वाफा उकरलेला. मधलं सगळ्यात जोमदार झाड मुळासकट गायब. कडेला खुरपं पडलं होतं आणि जिन्यापर्यंत चपलांचे मातीचे ठसे होते.

आमची लेक स्वराली बारा दिवसांची बाळंतीण. तिला दूध पुरत नव्हतं. कालच शेजारच्या चंपाताई ह्यांच्यासमोर म्हणाल्या होत्या, शतावरीची मुळी दुधात उकळून द्या. ओले कपडे तिथेच टाकून मी धावत खाली आले.

स्वरालीच्या हातात पेला होता. ती फुंकर मारत होती.

"पिऊ नकोस."

"अगं, बाबांनी मुद्दाम..."

"प्यायलीस का? एक घोट तरी?"

"नाही. गरम आहे खूप. काय झालं?"

मी पेला हिसकावला, त्यातलं अर्धं दूध माझ्या अंगावर सांडलं. हे पंच्याला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"ती शतावरी नाहीये," मी म्हणाले. "ॲस्परॅगस आहे. मी खोटं बोलले होते. आणि त्या मातीत विष आहे. शुक्रवारी घातलंय."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मी घेतलंय," ते म्हणाले. "वाटीभर. म्हटलं, पोरीला देण्याआधी आपण पिऊन बघावं."

"कधी?"

"पाऊण तास झाला."

दाण्यांचं पाकीट मी पिशवीत कोंबलं आणि ह्यांना धरून रिक्षात बसवलं. सातारा रोडच्या सिग्नलला त्यांना घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली. मी रिक्षावाल्याला हात जोडले. त्याने सिग्नल तोडला. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती, आणि तितकाच स्वतःचा रागही येत होता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाकीट वाचलं, भराभर दोन इंजेक्शनं दिली आणि मला पडद्याबाहेर उभं केलं.

चार वाजता त्यांनी सांगितलं, धोका टळलाय, पण दोन दिवस इथेच ठेवावं लागेल. मी आत गेले. ह्यांचा चेहरा उतरला होता, हाताला सलाईन होती. मला रडू आवरेना.

"अहो, तुम्ही हसाल म्हणून नाही सांगितलं."

"हसलोच असतो," ते हळूच म्हणाले. "चांगला महिनाभर. पण खणलं नसतं."