एकशे चार घरांत एकशे तेवीस रोपं

"एकशे चार घरांचा ट्रे. सत्तावीस घरं रिकामी गेली. मिरचीची रोपं उगवली किती?"

"एकशे तेवीस," होयबाई म्हणाली.

आत्याने झारी खाली आपटली. रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीतून ऊन गाळून येत होतं, उकाडा मात्र सबंध येत होता. पदराने गळा पुसत ती म्हणाली, "घरं एकशे चार आणि रोपं एकशे तेवीस? वरची एकोणीस काय हवेत उगवली, भवाने?"

होयबाईने मान डोलावली. काहीही सांगा, पोर 'हो' म्हणून मोकळी व्हायची, म्हणून सगळं गाव तिला होयबाई म्हणायचं. "समजलं का?" "हो." आठ दिवस आत्या शिकवत होती, आठ दिवस 'हो' चालू होता आणि आठ दिवस गणितं चुकत होती.

शनिवारी गुरुजींची परीक्षा होती. शाळेत चौथी-पाचवी एकाच खोलीत बसायची. ह्या खेपेला वजाबाकी चुकली तर गुरुजी तिला पाचवीच्या ओळीतून उठवून चौथीत, धाकट्या भावाशेजारी बसवणार होते. तसं झालं तर शाळेत पाऊल ठेवणार नाही, एवढं एकच वाक्य पोर आपणहून बोलली होती. आणि तिचा बाप, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, काय म्हणाला? "बसू दे घरी. ट्रे भरायला तुला हात होतील." आत्या भावाच्या घरून पाणीही न पिता उठून आली होती.

पण आता तिला स्वतःचीच चीड येत होती. शाळेत गुरुजी फुल्या मारायचे, इथे ती मारत होती. तिथे छडी होती, इथे झारी, एवढाच काय तो फरक.

"हे बघ," ती पालथ्या क्रेटवर बसली. "मी आता काही बोलत नाही. तू मला करून दाखव. तोंडाने बोलत कर. बावन्नातून सत्तावीस."

पोरीने काडीने मातीत आकडे मांडले. "सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. पस्तीस."

"थांब. सात तर खाली आहेत. खालच्यातून वरचे कसे काढलेस?"

"सात मोठे आहेत म्हणून. मोठ्यातून लहान काढायचं. गुरुजींनी सांगितलंय."

"कधी?"

"तिसरीत. लहानातून मोठं काढलं की हातावर द्यायचे."

आत्याच्या आता ध्यानात आलं. पोर ढ नव्हती, सांगितलेलं मुकाट्याने पाळत होती, आणि त्यापायीच तिचं वाटोळं चाललं होतं.

"आणि एवढ्या दिवसांत कुणी विचारलं नाही, असं का करतेस म्हणून?"

"विचारलं की. डोकं कुठे ठेवलंस, असं विचारलं."

आत्याला भरून आलं आणि रागही आला. कुणावर, ते तिला ठरवता येईना. तिने कांद्याच्या रोपांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या ओढल्या, शेजारी दोन सुटी रोपं ठेवली. "मी गिऱ्हाईक. सत्तावीस दे."

पोरीने दोन जुड्या दिल्या आणि त्या दोन सुट्या रोपांकडे बघत बसली.

"सात सुटी दे की. का माझ्याकडूनच पाच घेणार आहेस?"

होयबाईला हसू फुटलं. बराच वेळ ती ओठ चावत राहिली. आत्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मदत न करणं तिला फार जड जात होतं. शेवटी पोरीने एका जुडीची गाठ सोडली, सात रोपं मोजून दिली आणि उरलेली दोनदा मोजली.

"पंचवीस."

पुढचे तीन दिवस तिने मातीत इतक्या वजाबाक्या केल्या की वाफ्यांमधली वाट नांगरल्यासारखी झाली.

शनिवारी वीसपैकी वीस गणितं बरोबर आली. 'नक्कल केलीस' असं म्हणून गुरुजींनी तिला चौथीत बसवलं.

सोमवारी पोर घरीच बसली, तेव्हा आत्या चिखलाच्या हातांनीच तिला दप्तरासकट शाळेत घेऊन गेली. "माझ्यादेखत घाला एक गणित. सगळ्यांनाच घाला."

गुरुजींनी फळ्यावर त्रेसष्ट वजा अठ्ठावीस लिहिलं. होयबाईने पुढे येऊन पस्तीस उत्तर काढलं, आणि एक दशक सुटा कसा केला तेही सांगितलं. गुरुजींचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. तो एकटा होता आणि समोर त्रेचाळीस पोरं होती.

"मोठ्यातून लहान, हे मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण ते सबंध संख्येबद्दल."

"ते तिला कुठे सांगितलंत? आता बाकीच्यांच्या पाट्या बघा."

गुरुजी ओळीओळीतून फिरले. सतरा पाट्यांवर पंचेचाळीस होते. आत्या भांडायची पूर्ण तयारी करून आली होती, पण ती सतरा तोंडं बघून भांडण विसरली. त्यातल्या निम्म्यांना तीसुद्धा आजवर ढ म्हणत आली होती.

होयबाईने दप्तर उचललं आणि पाचवीच्या ओळीत जाऊन बसली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं.

"उद्या सगळ्यांना एकदम नीट समजावून सांगतो," गुरुजी म्हणाले.

"एकेकाला पाठवा माझ्याकडे," आत्या म्हणाली. "एकदम तर तुम्ही तिसरीतही सांगितलं होतं."