उकळी आली की बघ

"उकळी उनी का देखजो, मी बरफ लयी येस," असं म्हणून आमचे हे पायात चप्पल सरकवून निघूनही गेले.

देखजो म्हणे! धुळ्यातल्या या दोन खोल्यांत मी बत्तीस वर्षं उकळ्याच बघतेय. दुधाची उकळी, चहाची उकळी, आणि आता म्हातारपणी बियरची.

हे खूळ आमच्या नवीनने दिलेलं. पोरगा पुण्यात घरी बियर बनवतो. दिवाळीला आला तेव्हा नानांना शिकवून गेला. नाना म्हणजे हेच. मक्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर होते, रिटायर होऊन घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. बापलेकांचं फोनवरचं बोलणं 'जेवलास का' याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. बियर आली आणि दोघं अर्धा अर्धा तास बोलायला लागले. म्हणून मी गप्प बसले, नाहीतर ते पातेलं गच्चीवरून खाली फेकलं असतं.

पातेलं तरी केवढं! सातूचं ते गढूळ पाणी दोन्ही बर्नर अडवून बसलेलं. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा ढवळायचा माझा लाकडी दांडा, त्यावर यांनी पेन्सिलीने दोन खुणा करून ठेवलेल्या. वर 'भरलं', खाली 'झालं'. माझ्या दांड्यावर! आणि मी डायबेटिसची गोळी घेऊन बसलेले, पोटात कावळे ओरडतायत, तवा ठेवायला जागा नाही.

शेवटी उकळी आली. आता आमच्याकडे 'उकळी आली की बघ' म्हणजे काय? गॅस बंद कर. शेंबड्या पोरालाही कळतं. मी बंद केला, पातेलं फडक्याने धरून खाली उतरवलं, आधी डाळ-भाजी केली आणि मग भाकरी थापायला घेतली.

हे सव्वा तासाने आले, बर्फाचं पोतं खांद्यावर, सदरा भिजलेला.

"तासभर उकळनं ना?"

तासभर? मी तर उकळी येताच बंद केलेला. पण भूक, गरमी, त्यात ते ओलं पोतं माझ्या पुसलेल्या फरशीवर टेकवलेलं.

"उकळलं हो, बठ्ठं सगळं उकळलं!" मी तव्याकडे बघतच ओरडले.

त्यांनी दांडा पातेल्यात उभा बुडवला, वर काढून पाहिला. मग माझ्याकडे, भाकरीकडे पाहिलं. दांडा पुसून खुंटीला लावला आणि पातेलं गार व्हायला बर्फात ठेवलं.

महिन्याभराने नवीन आला. नानांनी ग्लास स्वतः घासले. एकट्याने केलेली पहिली बियर. पोरगा काय म्हणतो याकडे सगळा जीव लागलेला.

नवीनने घोट घेतला, नाक मुरडलं.

"नाना, उकडलेल्या कणसासारखा वास येतोय. गोडच राहिलीय, कडूपणा उतरलाच नाही. तासभर उकळली नाहीत ना? तो वास वाफेबरोबर जावा लागतो." मग हसून म्हणाला, "आणि तुम्ही बॉयलरवाले!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "मन्हीच चूक शे. घाईमा गॅस बंद कया."

फोन वाजला म्हणून नवीन उठून गच्चीवर गेला. त्याचा ग्लास तसाच भरलेला.

"अहो, तो गॅस मी बंद केला होता," मी म्हणाले. "उकळी येताच. तुमच्याशी खोटं बोलले."

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"तवाच. पानी वरल्या खुणेलेच व्हतं. तासभर उकळतं तर खाले जातं ना."

एकतीस वर्षं बॉयलरच्या काचेतून पाण्याची पातळी बघत आलेला माणूस, आणि मी त्याला बनवायला निघाले होते!

"मग परत चढवायचं ना! तोंडात काय मूग गिळले होते?" मला रडूही येत होतं आणि रागही.

"कोठे चढावतू? तव्यावर भाकर व्हती. तू गोळी लिधेल व्हती."

एवढंच बोलून त्यांनी नवीनचा ग्लास स्वतःकडे ओढला आणि ती मक्याच्या वासाची बियर हळूहळू पीत बसले.

मी उठून खुंटीवरचा दांडा घेतला. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या होत्या. विळीने त्या खोल कोरून ठेवल्या.