परत सोपवताना

झबल्याचं बटण काही केल्या काजात जाईना. गुळगुळीत, इवलंसं — एलोदियाच्या बोटांतून निसटत होतं, आणि मांडीवरचा चार महिन्यांचा ऑरेलियो तिच्याकडे टक लावून बघत होता... कोण म्हणून बघत असेल? मावशी म्हणून? मावशीच तर आहे मी. बीज धाकट्या नेरेइदाचं आणि तिच्या नवऱ्याचं, काचेच्या बशीत जुळलेलं, डॉक्टरांनी माझ्या पोटात फक्त ठेवायला दिलेलं. फक्त! मग नऊ महिने पोसोलच्या रश्श्याचा वाससुद्धा सोसवेना, तो कुणाला?

"ताई, पाठ झालं ना?" नेरेइदानं आरशातूनच विचारलं. "बाप्तिस्मा करून आलीस की दारात सगळ्यांसमोर म्हणायचंय. अडखळलीस तर आई जन्मभर ऐकवेल."

"ऐकवीनच!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "एलोदियाच्या बाप्तिस्म्याला हिची धर्मआई अडखळली, म्हणून तर ही अशी घुमी निघाली."

नेरेइदा हसली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "आणि ताई... त्याला कधीच सांगायचं नाही हं. धर्मआई म्हणजे दुसरी आईच की. आणखी काय देऊ गं तुला?"

खरंच, काय देणार बिचारी? तीनदा पोट रिकामं झालं तिचं. ते रडणं बघवेना म्हणून तर मी हो म्हटलं होतं. तिच्यावर रागावताही येत नाही.

चर्चमध्ये डोक्यावर पाणी पडताच ऑरेलियो किंचाळला आणि एलोदियाच्या खांद्यात तोंड खुपसून गप्प झाला. तेव्हाच ते पाप मनात आलं — नेरेइदाकडे देताना हा रडू दे. थोडासाच. लोकांना कळेल इतका... नाही, मला कळेल इतका.

घराच्या दारात नेरेइदा हात पसरून उभी होती. धर्मआईनं मूल चर्चमधून आणून आईच्या हाती द्यायचं, आणि आजपासून दोघींनी एकमेकींना कोमाद्रे, म्हणजे मुलाची जोडआई, म्हणायचं, ही रीत.

"कोमाद्रे, तुमच्याकडून नेलं तेव्हा हे मूल देवाला अनोळखी होतं; देवाचं करून, तुमचं तुम्हाला परत आणलंय."

एकही शब्द अडखळला नाही. तुमच्याकडून नेलं — खरंच की, तिच्याकडूनच तर नेलं होतं. तुमचं तुम्हाला — तेही खरं. सगळंच इतकं खरं, की त्यात मला कुठे जागाच नाही.

"उपकार झाले, कोमाद्रे," नेरेइदा म्हणाली. ताई नाही.

ऑरेलियो रडला नाही. आईच्या गळ्यातली साखळी मुठीत धरून त्यानं जांभई दिली.

"गुणाचं गं बाळ!" कुणीतरी म्हणालं, टाळ्या झाल्या, एलोदियानंही वाजवल्या. एवढ्याशा जिवाकडे रडण्याची भीक मागत होते मी... तिला स्वतःची शरम वाटली. सगळे जेवायला आत गेले, आईनं दोनदा हाक मारली, तरी ती दारातच थांबून राहिली. रडेल, अजून रडेल कदाचित.