मधला स्पीकर

सासरी जवायाची चूक कोणी काढत नाही. आमच्याकडे तर अजिबातच नाही. जवाई म्हणाला, भाजीत मीठ कमी आहे, तर घरचे सगळे ताटात वरून मीठ घेतात, मग ती भाजी आधीच खारट का असेना. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला हे कळलं आणि, खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

मी जितेंद्र. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा सुपरवायझर. पण नागपुरात, मनीषनगरच्या माझ्या सासरी मी इंजिनियर आहे. अकरा वर्षांत मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

पाच वर्षांपूर्वी अधिक महिन्यात आम्ही धोंड्याच्या जेवणाला तिथं गेलो, तर बैठकीत एक भलंमोठं खोकं ठेवलेलं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, होम थिएटर आणलं होतं. एक डिस्क प्लेअर आणि सहा स्पीकर. दुकानवाला माणूस पाठवायला तयार होता, पण मामाजींनीच नको म्हटलं होतं. "घरी जवाई असताना बाहेरचा माणूस काहून?"

माझी बायको रितिका खोक्यातलं पुस्तक काढून म्हणाली, "आधी हे वाचून तर घ्या."

"पुस्तक वाचून वायरी जोडायचे दिवस गेले माझे," मी म्हणालो. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

दोन तास घाम गाळला. पाच स्पीकर लागले. सहावा, मधला, टीव्हीच्या खाली ठेवायचा होता. त्याच्या वायरीला हिरवं टोक होतं आणि ते प्लेअरच्या मागं न्यायला लाकडी शोकेस भिंतीपासून हातभर पुढं ओढावा लागणार होता. तेवढ्यात सासूबाईंनी, मामीजींनी, हाक मारली की पानं वाढली. मी ती वायर शोकेसमागं ढकलून दिली, स्पीकर टीव्हीखाली नीट सरळ मांडला आणि मनाशी म्हणालो, नंतर पाहू.

मग गाण्याची डिस्क लावली. फरशी हादरली. शेजारचे येऊन पाहून गेले. मी तीन हुकूम सोडले: याला कोणी हात लावायचा नाही, टीव्हीचा आवाजही यातूनच ऐकायचा, आणि डिस्क मऊ फडक्यानं गोल गोल पुसायची. तिसरा हुकूम तर मी असाच ठोकून दिला होता. डिस्क मधून कडेकडे सरळ पुसतात, गोल पुसली तर तिच्यावर चरे पडतात, हे मला फार नंतर कळलं.

ते "नंतर पाहू" काही आलं नाही.

आता मामाजींबद्दल सांगतो. गोपाळराव. पूर्वी काटोलला संत्र्याचा व्यापार, मग मनीषनगरला घर. पण त्यांचं नाव होतं सोयरिकी जुळवण्यात. नात्यागोत्यातली तीसेक लग्नं त्यांनी जुळवली, माझंही त्यातच. ते म्हणायचे, लग्नाच्या बैठकीत मोठ्यानं बोलतात ते सगळे खोटं बोलतात, खरं ते कोपऱ्यातली म्हातारी पुटपुटते. ते पुटपुटणं ऐकायला मामाजी लागायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय सुपारी फुटत नसे.

होम थिएटर लागलं त्याच्या पुढच्याच वर्षी मामाजी टीव्हीकडे कान करून बसू लागले. मग खुर्ची पुढं घेतली. आवाज वाढवला की नुसते ढोल बडवायचे, म्हणून पुन्हा कमी करायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, "कान गेले आपले." मग कुठं एखादा शब्द निसटला, जसा तुमचा-माझाही निसटतो, की त्यांची खात्री आणखी पक्की व्हायची. आमच्या नूपुरशी ते रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे, ते बंद झालं. फोन मामीजींच्या हातात देऊ लागले. पोरगी विचारायची, "आबाजी माझ्यावर रागावले का?" पुढं बैठकींना जाणंही सोडलं. "अर्धं आइकून कोण्या पोरीचं भलं होत नाही," म्हणाले.

आणि मी काय केलं? मी त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो. एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला समजावतात तसं. एका लग्नात तर पंधरा-वीस माणसांत म्हणालो, "मामाजींसाठी तो भोंगा इकडे वळवा रे!" सगळे हसले. मामाजीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, माझ्याही आणि त्यांच्याही.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. मध्ये एक कोरोनात गेला. धोंड्याचं बोलावणं आलं, तेव्हा सासरी वातावरण बरं नव्हतं. मामाजींचे धाकटे भाऊ वामनराव काटोलला असतात. त्यांच्या श्वेताची बैठक पुढच्या रविवारी ठरली होती आणि मामाजींनी यायला साफ नकार दिला होता. वामनराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा चहा न घेता उठले. "सख्ख्या पुतणीसाठी मोठा बाप बसत नाही, लोक काय म्हणतील?" एवढंच बोलले, आणि तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

मी शहाणपणा करून कानाच्या मशीनचं माहितीपत्रक घेऊन गेलो. "मामाजी! हे! पाहून! ठेवा!"

त्यांनी ते घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. "मशीन लावून बैठकीत बसलो, तं पोरीकडचा माणूस बहिरा हाये म्हणतीन," ते हळूच म्हणाले.

जेवणाला वेळ होता. नूपुरनं हट्ट धरला की मम्मीच्या लग्नाची डिस्क लावा. लावली. मंगलाष्टकांपाशी चित्र अडकलं, पुढं गेलं, पुन्हा अडकलं. मी डिस्क काढून उजेडात धरली. सगळीकडे गोल गोल चरे.

"मामीजी, ही पुसता कशी?"

"तुमी सांगतलं तशीच. गोल गोल. दर रविवारी, मामाजीच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं." त्यांना वाटलं, मी शाबासकी देणार.

मी डिस्क परत आत घातली आणि पाठवणीपाशी नेली. तेवढा भाग धड होता. पण बोलणं काही कळेना. लोकांचा गलबला ऐकू येत होता, पडद्यावरच्या मामाजींचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. मामाजी कान पुढं करून बसले होते. मी पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मलाही ऐकू येत नाही.

मी मोबाइलचा उजेड पाडून शोकेसमागं वाकलो. जाळ्यांत, धुळीत, हिरवं टोक पडलेलं होतं. मी जिथं ढकललं होतं तिथंच.

अशा संचात गाणी, ढोल, गाड्यांचे आवाज बाकीचे स्पीकर सांभाळतात. माणसाचं बोलणं येतं ते मधल्या स्पीकरातून. पाच वर्षं या घरात डिस्कवरचा, टीव्हीवरचा एकही माणूस धड बोलला नव्हता, आणि त्याचा दोष एका भल्या माणसाच्या कानांवर गेला होता.

"मामीजी, तुम्हाला बोलणं ऐकू येत होतं का यातलं?" मी वाकूनच विचारलं. डिस्कवरच्या गलबल्यात आमचं बोलणं मामाजींपर्यंत पोचत नव्हतं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

"मले कुठचं येते! मी चेहरे पाहून समजून घेतो. आपल्यालेच नाही समजत, वाटे मले." मग त्या हसून म्हणाल्या, "मागं तो केबलवाला आला होता. म्हणे, काकू, एक वायर सुटली हाये मागं, लावून देऊ का? म्या म्हटलं, हात नको लावू बापा. जवाईबापूनं लावलं हाये, इंजिनियर हायेत ते. तुले जास्त समजते का त्यायच्याहून?"

"केव्हा?"

"झाले असतीन चार वर्षं."

माझे कान तापले. वाटलं, तसंच शोकेसमागं बसून राहावं आणि सगळे झोपल्यावर निघून जावं. पण दुपारचा एक वाजला होता आणि बाहेर माझ्यासाठी पाट मांडत होते. मी शोकेस हातभर ओढला आणि टोक खोबणीत दाबलं. दोन मिनिटांचं काम होतं.

टीव्हीखालून एकदम आवाज आला, अकरा वर्षांपूर्वीच्या मामाजींचा, ठणठणीत: "जवाईबापू, पोरगी आमची लाडाची हाये. चुकन कधी. चुकली तं मले सांगजा. चारचौघात नका बोलू तिले."

मला तो क्षण आठवला. मी तेव्हा मोठ्या रुबाबात मान हलवली होती.

"हा तं माहा आवाज हाये!" मामाजी ताठ बसले. "वं, आइकू येऊन राहिलं मले! पुन्हा लाव वं नूपुर."

तीनदा लावलं. प्रत्येक वेळी मी शोकेस नीट करण्याचं नाटक करत होतो. मामीजींनी माझ्यावरून बोटं मोडली. "हात लागला जवाईबापूचा," म्हणाल्या. रितिका मात्र माझ्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे पाहत होती.

मनात पहिला विचार आला तो सांगायलाच हवा. मी म्हणालो, बरं झालं, काम झालं, आता गप्प बस. मामाजी बैठकीला जातील, भाऊ बोलायला लागतील, आणि आपलं नावही राहील.

"मग काकांना फोन करता का बाबा?" रितिकानं विचारलं.

मामाजींचा चेहरा पुन्हा उतरला. "आज आलं आइकू, उद्या जाईन. कानाचा काय भरवसा? ऐन बैठकीत दगा दिला तं? नाही. वामनले उगाच आशा नको."

म्हणजे गप्प बसून भागणार नव्हतं. कान मुळात गेलेच नव्हते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस घरात एकच होता.

धोंड्याला जवायाचे पाय धुतात. मी पाटावर बसलो, मामाजी तांब्या घेऊन खाली बसले, सत्तरीला आलेला माणूस. त्यांनी माझी पावलं धुतली, पंच्यानं पुसली, बोटांमधून सुद्धा पुसली. मी पाय आखडून घेऊ लागलो तर म्हणाले, "राहू द्या, मान हाये तुमचा." आयुष्यात मला माझ्या पायांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग पानं वाढली. मामाजी माझ्या शेजारी बसले. पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि ताटाबाहेर अनारशांची परात. आत स्वयंपाकघरात नूपुर आईच्या कानाशी कुजबुजली, मला जेमतेम ऐकू आलं, "मम्मी, तो जाळीचा मोठा अनारसा मला ठेव ना."

"तुलेच ठेवला वं बाई," मामाजी बाहेरून म्हणाले आणि घास घेतला.

कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. त्यांना नेहमीच ऐकू येत होतं, आम्हीच ओरडत होतो.

मी हातातला घास परत ताटात ठेवला. मी ताटाकडे पाहत, हळू आवाजात बोललो. पाच वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात. "मामाजी, तुमचे कान चांगले आहेत. कधी बिघडलेच नव्हते. मधल्या स्पीकरची वायर मी त्या दिवशी जोडलीच नाही. मला माहीत होतं. जेवायला उशीर होत होता म्हणून मागं ढकलली आणि विसरून गेलो. चूक माझी आहे. आणि वरून मीच तुम्हाला लोकांत हसलो."

मामीजींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. रितिका दारात येऊन थांबली.

मामाजींनी घास चावून गिळला. पाणी प्यायले. मग उजवा हात कानामागं धरून माझ्याकडे वळले.

"काय म्हणले जवाईबापू? मले आइकू नाही आलं."

मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं, बस्स, अशा अर्थानं. आणि मामीजींना म्हणाले, "पाहून काय राहिली वं? तूप वाढ जवाईबापूले."

तूप वाढलं गेलं. मी जेवलो. काय खाल्लं ते सांगता येणार नाही.

हात धुऊन मामाजी खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतः फोन लावला. आवाज न चढवता, साधं, पूर्वीसारखं बोलत होते. "वामन? मी बोलतो. रविवारी सकाळच्या बसनं येतो. श्वेताले सांग, मोठे बाबा येऊन राहिले. हो गा, आइकू येते. चांगले हायेत कान."

तिकडून वामनरावांनी काहीतरी विचारलं. मग इतके दिवस काय झालं होतं, असंच असणार.

मामाजी म्हणाले, "काही नाही गा. माहीच चूक होती. टीव्हीपुढं बसून उगाच भ्रम झाला मले."

हे बोलताना ते भिंतीकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. नूपुर अनारसा खात त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. त्यांनी मान हलवली.