मऊ अस्तराची टोपी

आमची वहिनी टोप्या शिवते. समोरच्याने नाव सांगायच्या आत तिला त्याच्या डोक्याचं माप कळलेलं असतं. माझं डोकं मोठं असून आत बरीच जागा रिकामी आहे, असं ती लग्न होऊन आली त्याच महिन्यात म्हणाली. तेव्हाच मला ती आवडली.

म्हणून बाळाच्या टोपीचं मला आधी काही वाटलं नाही. आई टोप्या शिवणारी, मग तान्ह्याच्या डोक्यावर टोपी असायचीच. पण दिवस उकाड्याचे होते. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं तरी टोपी निघेना. अंघोळ घालताना वहिनी दाराला कडी लावायची. दादाने काही विचारलं की त्याच्या अंगावर जायची. दवाखान्यातून तपासणीसाठी फोन आला, तर बाळाला सर्दी झाल्याचं तिने माझ्यादेखत ठोकून दिलं. बाळ तर ठणठणीत होतं.

त्या दुपारी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बाळ झोपलं होतं, पण फारच शांत. मी डोकावले. टोपी घसरून हनुवटीपर्यंत आली होती. नाकाजवळ कापड आत ओढलं जायचं, सुटायचं, परत ओढलं जायचं. मी टोपी खेचून काढली. चेहरा लालभडक झाला होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग बाळाने भोकाड पसरलं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

वहिनी धावत आली आणि आधी बाळाच्या डोक्यामागे हात धरला. माझं डोकंच फिरलं.

"झाकतेस काय? जीव जात होता त्याचा!"

तिचा हात बाजूला सारला तेव्हा दिसलं. डोकं मागून उजवीकडे चपटं होतं. टोपी उलटी केली, तर आत त्याच जागी कापसाचं जाड अस्तर होतं, बाहेरून डोकं गोल दिसावं म्हणून बारीक टाक्यांनी बसवलेलं. ते अस्तर मावावं म्हणून टोपी मोठी शिवली होती, म्हणूनच ती घसरली.

"ताई, कुणाला सांगू नका," वहिनी म्हणाली. "कवटीची हाडं वेळेआधी जुळली असली तर ऑपरेशन करतात. डॉक्टरांनी बघितलं तर कापतील त्याला."

"आणि नाही बघितलं तर?"

ती खाली बसली.

संध्याकाळी दादाला सगळं सांगून आम्ही तिघं बाळाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई बोटांनी डोकं चाचपत राहिल्या. वहिनीने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

"हाडं मोकळी आहेत," त्या म्हणाल्या. "बाळ एकाच कुशीकडे मान टाकतं, म्हणून चपटं झालंय. जागं असताना समोर बसून पोटावर पालथं घाला. झोपवताना पाठीवरच, मान मात्र आलटून पालटून. हळूहळू भरून येईल. आणि झोपेत टोपी, उशी, काही नको."

वहिनी तिथेच ढसाढसा रडली. दादा बाळाच्या चपट्या जागेवरून हात फिरवत राहिला.

आता बाळ बोडक्या डोक्याने झोपतं. चपटेपणा अजून आहे, पण वहिनीचं तिकडे लक्ष नसतं. शिवता शिवता ती उठते आणि बाळाच्या नाकासमोर बोट धरते. परत मशीनवर बसते, परत उठते. मी तिची थट्टा करणार होते. पण ती आत गेली की माझंही बोट तिथेच जातं.